उधारीची वही नकाशात कुठे काढणार? आमच्या आळीतून गेलेल्यांना खुलं पत्र

आमच्या आळीतून मुंबई, ठाणे, पुणे आणि आणखी कुठे कुठे जाऊन राहिलेल्या सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

मे महिन्यातल्या स्नेहमेळाव्याचं आमंत्रण पोहोचलं. सोबतचा नकाशाही पोहोचला. वेंगुर्ल्याच्या गाडीअड्ड्यापासून बंदराच्या वाटेपर्यंत आपल्या लहानपणी होती ती सत्तावीस दुकानं, प्रत्येकाला एक चौकोन, चौकोनात धंद्याचं नाव, आणि वर वळणदार अक्षरांत ‘काळाच्या पडद्याआड गेलेली आमची बाजारपेठ’. हा नकाशा दहा फुटी फ्लेक्सवर छापून हॉलमध्ये लावायचा, स्मरणिकेच्या मधल्या पानांवर घालायचा, आणि त्यासाठी माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या किराणा दुकानाचा एखादा जुना फोटो मी कुडाळहून पाठवावा, असं तुम्ही लिहिलंत.

फोटो नाही. आमच्या घरात कॅमेरा नव्हता. ज्यांच्याकडे होता ते पाहुणे येऊन समुद्राचे फोटो काढत. मिरचीच्या पोत्यांचा फोटो कोण काढणार?

नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला तेव्हा चुका दिसायला लागल्या, आणि चुका मोजता मोजता राग आला. तो राग जाहीरपणे लिहिते आहे, कारण स्मरणिकेत एकदा छापलं की तेच खरं होऊन बसतं. आपल्यामागून येणारी मुलं काही बंदरावर जाऊन खातरजमा करणार नाहीत.

आधी त्या ‘काळाच्या पडद्याआड’चं बघू. आपण सगळे जत्रेत रात्र रात्र जागून दशावतार पाहिलेली माणसं. सुरुवातीला गणपती येतो तेव्हा पडदा कुठे टांगलेला असतो का? दोन माणसं दोन टोकांना धरून उभी असतात, आणि एकाचा हात अवघडला की तो पायाने पाय खाजवतानाही दिसतो. आळीतली दुकानं पडद्याआड गेली असतील तर तो पडदाही कुणी ना कुणी धरला होता. कुणी, एवढंच मला नकाशात हवं आहे.

तुमच्या नकाशातला पहिलाच शब्द घ्या, गाडीअड्डा. आपल्या पिढीने तिथे फार तर लाकडं नाहीतर शेणखत घेऊन आलेली एखादी बैलगाडी पाहिली असेल. पण एके काळी घाटावरचा कापूस बेळगावकडून घाट उतरून गाड्यांच्या रांगांनी वेंगुर्ला बंदरात यायचा आणि इथून गलबतांत चढायचा. डचांनी सतराव्या शतकात वखार घातली तीही इथे बंदर होतं म्हणूनच. मग 1880 च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे गोव्यातल्या मुरगाव बंदराला जाऊन टेकली आणि घाटमाथ्यावरचा माल तिकडे वळला. त्या वेळी किती गाडीवान, किती नाल ठोकणारे, किती पेंढा विकणारे घरी बसले असतील? त्यांच्यासाठी कुणी फ्लेक्स लावला नाही. फक्त अड्ड्याचं नाव राहिलं, आणि त्या नावाखाली आता रिक्षा उभ्या राहतात. म्हणजे आपली आळी काही आपल्या लहानपणी जन्माला येऊन आपण गेल्यावर मेली असं झालेलं नाही. ती आपल्याआधीही एकदा मोडली होती, आणि आपण पाहिली ती त्या मोडीवर पुन्हा बसवलेली होती.

बंदरावरच्या चहाच्या हॉटेलाला तुम्ही नकाशात सगळ्यात मोठा चौकोन दिलाय. बरोबर आहे. बोट दूर खोल पाण्यात नांगर टाकायची, तिचा भोंगा वाजला की इकडे भट्टीत कोळसे सारले जायचे. उतारू होडीत, होडीतून खलाशांच्या खांद्यावर, खांद्यावरून वाळूत, आणि वाळूतून थेट त्या बाकड्यावर. पोटातलं सगळं समुद्राला देऊन आलेल्या माणसाला तो आल्याचा चहा अमृत वाटायचा यात नवल नाही. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून हॉटेलही अर्धं बंद. पुढे खाड्यांवर पूल झाले, एसटी घरच्या दारापर्यंत यायला लागली, आणि ओकाऱ्या काढत बोटीने जायला कुणी तयार होईना. बोट गेली, तिच्यामागे हॉटेल गेलं. कारण एवढं सरळ आहे.

पण त्या हॉटेलाच्या गडग्यावर, म्हणजे बाहेरच्या दगडी कुंपणावर, दोन पेले उपडे ठेवलेले असायचे, ते तुमच्यापैकी किती जणांना आठवतात? ॲल्युमिनियमचे, काठ चेपलेले. ते ज्यांच्यासाठी होते ती माणसं स्वतः धुऊन घेत, चहा वरून ओतला जाई, आणि ती उभ्यानेच पीत. बाकड्यावर त्यांना जागा नव्हती. त्यांची मुलं-नातवंडंही आज ठाण्या-डोंबिवलीत आहेत. त्यांना मेळाव्याचं आमंत्रण गेलं का, माहीत नाही. गेलं असेल तर त्या चौकोनापाशी उभं राहून त्यांनी कशाची आठवण काढायची, ते मात्र तुम्ही ठरवा. माझं म्हणणं एवढंच की हॉटेल काढताय तर गडगाही काढा, आणि गडग्यावरचे पेलेही.

आता मीठवालीचं. नकाशात ती नाहीच. तिचं दुकान नव्हतं हे खरं, पण आमच्या दुकानाच्या पडवीच्या सावलीत ती जवळजवळ सबंध उन्हाळा बसायची. शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ, करड्या रंगाचं, जाड खड्यांचं, हातात घेतलं तर ओल लागणारं. 1930 मध्ये सत्याग्रह झाला तो याच शिरोड्याच्या मिठासाठी, हे आपण शाळेत पाठ केलं, आणि शाळा सुटल्यावर त्याच मिठाचे खडे चोरून कैरीला लावून खाल्ले. तिच्याकडे एक लाकडी माप होतं, तळाशी झिजून पातळ झालेलं. मे महिन्यात खारातले आंबे, सुकी मासळी, आमसुलं, सगळ्यांना तिचं मीठ लागायचं. पुड्यातलं बारीक पांढरं मीठ आमच्या आईला औषधासारखं वाटे.

त्या सावलीचं भाडं म्हणून आबा तिच्याकडून रोज ओंजळभर मीठ घेत. भाडं असा शब्द कुणी काढत नसे. ती उठताना आपणहून सुपात टाकून जायची, आणि आम्ही तो तिचा चांगुलपणा समजत असू. माझ्या लग्नानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की पाच-सहा वर्षं आमच्या घरात विकतचं मीठ आलं नव्हतं. पुढे पुड्यातलं मीठ घरोघरी गेलं, आणि 2006 पासून तर आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायलाच देशभर बंदी आली. गलगंड टळावा म्हणून केलेला नियम, त्याला मी वाईट म्हणत नाही. पण मिठागरातून टोपली भरून आणणाऱ्या बाईने त्यात आयोडीन कुठून घालायचं? तोवर ती राहिली नव्हती. तिची सून काही दिवस बसली, मग काजूच्या कारखान्यात गेली.

बाकीचे चौकोन भराभर सांगते. कल्हईवाल्याचं तुम्ही बरोबर लिहिलंय. त्याला तांब्या-पितळेच्या भांड्यांनी पोसलं आणि स्टीलच्या भांड्यांनी संपवलं. नवसागराचा तो धूर आणि कापसाच्या एका फटकाऱ्यात पांढरं झालेलं पातेलं मलाही आठवतं. पण आपल्या आयांना स्टील आल्यावर किती सुटल्यासारखं झालं तेही आठवतं. चिंच-राखेने त्या घासत होत्या, आपण फक्त धूर बघत होतो. सायकलवाल्याकडे तासाच्या भाड्याने सायकल घेऊन आपण सगळे पडलो, एवढ्यावर त्याचं पुरे. गोटी सोड्याच्या बाटलीची गोटी काढायला ती कुणी फोडली होती ते मला माहीत आहे, आणि तो माणूस आता तुमच्या समितीत आहे. इरली विकणाऱ्यांना तुम्ही विसरलात. मिरगाच्या आधीच्या बाजारात बांबूच्या सांगाड्यावर पानं बसवलेली ती इरली ओळीने उपडी ठेवलेली असत, जशी मोठी कासवंच. प्लास्टिकच्या कागदाने ती दोन-तीन पावसाळ्यांत गिळली.

कौलांच्या वखारीचा चौकोन आहे, पण त्यात ‘मंगलोरी कौलं’ एवढंच लिहून तुम्ही मोकळे झालात. मंगळुरात बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पन्नास-साठ वर्षांत आख्ख्या किनाऱ्याची छपरं बदलली. गवताची, नळ्याची घरं गेली. तेव्हाही कुणाचा तरी धंदा बुडालाच असणार. हाताने नळे थापणाऱ्या कुंभाराचा. मचव्यातून कौलं उतरायची तेव्हा बायका चार-चार कौलं डोक्यावर घेऊन वाळूतून ये-जा करत आणि वखारीचा मुकादम प्रत्येक खेपेला कोळशाने भिंतीवर रेघ ओढी. संध्याकाळी रेघा मोजून मजुरी. आणि त्यातलं फुटलेलं कौल कुणाच्या नावावर, यावरून रोज भांडण.

कौलांवरूनच मी मुद्द्याकडे येते. गेल्या वर्षी आमच्या जुन्या घराची कौलं उतरवली. पत्रे घालायचे होते, माकडांनी आणि वाळवीने नकोसं केलं होतं. त्या वेळी माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत आबांची उधारीची वही सापडली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, वर दोरा गुंडाळलेली, वाळवीने फक्त एक कोपरा खाल्लेला. 1981 च्या दिवाळी पाडव्याला उघडलेली. पहिल्या पानावर ‘श्री’, हळदी-कुंकवाचे डाग, आणि मग घरागणिक एकेक खातं.

आबा खात्यावर माणसाचं नाव घालत नसत, घराचं घालत. ‘पिंपळाकडची’, ‘तळ्यावरची’, ‘वरच्या खळ्यातली’. कारण नाव असलेला माणूस मुंबईला, लालबाग-परळला, गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांत वळकटी टाकून राहायचा. दुकानावर यायची ती त्याची बायको नाहीतर आई. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आळीत शिरला की आबा दुकानातूनच ओळखायचे, आज कुठल्या घरी गेला. तासाभरात ते घर दुकानावर हजर. आबा लाल पेन्सिलीने ‘जमा’ लिहायचे, आणि त्याच पानावर खाली निळ्या शाईने नवी यादी सुरू. तांदूळ 2 पायली, रॉकेल 1 बाटली, मिरची पाव, साबण 1. शाळा सुटल्यावर ही यादी मी लिहायची. माझं अक्षर त्या वहीत ठिकठिकाणी आहे, आणि ‘साबण’मधला ण मी तेव्हाही उलटा काढत होते.

तुमच्या नकाशातलं प्रत्येक दुकान असंच चालायचं. कापडवाला, चांभार, घाणेवाला, सोनारसुद्धा. आळीत पैसा पिकत नव्हता. तो गिरणीत पिकायचा आणि पोस्टाने यायचा. आपण ज्याला बाजारपेठ म्हणतो ती मनीऑर्डरच्या फॉर्मवर उभी होती.

18 जानेवारी 1982. ही तारीख तुमच्यातल्या अनेकांना माझ्याहून जास्त ठाऊक असेल, ती तुमच्या घरातली आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या साठाच्या आसपास गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यावर पुस्तकं निघाली, भाषणं झाली. आमच्या आळीत तो कसा आला ते वहीत आहे. फेब्रुवारीत तीन घरांच्या पानावर लाल पेन्सिल नाही. मार्चमध्ये अकरा घरांच्या. एप्रिलपासून लाल रंगच दिसत नाही, पानंच्या पानं निळी. शिवाय मनीऑर्डर थांबली आणि ती पाठवणारा घरी आला, म्हणजे खाणारं तोंड एकाने वाढलं. काही घरांत तिघे भाऊ आले.

मग आला मे. पुढे मिरग, म्हणजे आगोटीचे दिवस. पावसाचे चार महिने पुरेल एवढं धान्य, मीठ, मिरची, रॉकेल, सुकी मासळी आधीच भरून ठेवायची. आगोट उधार द्यायची की नाही, यावर आमच्या घरात जे भांडण झालं ते मी माजघराच्या दाराआडून ऐकलं. आई म्हणत होती, आधीची बाकी फिटल्याशिवाय एक दाणा नाही. आबा गप्प होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळाकडची आली. पायरीवर बसली, पदर आवळला आणि म्हणाली, “शेटनू, पैशे इले नाय हत. मिरग इलो, पोरांका काय घालू?” आबांनी दौतीचं झाकण काढलं. त्या दिवशीचं पान मी लिहिलेलं नाही, ते आबांच्या अक्षरात आहे आणि फार घाईघाईत लिहिल्यासारखं आहे. तिच्या मागून तळ्यावरची आली. मग सगळ्याच आल्या.

आबांना मी देव करत नाही. रॉकेलच्या मापात त्यांचा अंगठा असायचा हे आळीला माहीत होतं, मीठवालीचं मी वर सांगितलंच. पण आगोट त्यांनी दिली.

1983 पासून वहीत पुन्हा लाल पेन्सिल दिसते. ते मी पाहिलं तेव्हा ट्रंकेशेजारी तशीच बसून राहिले. ‘जमा: नारळ 12’. ‘जमा: कोंबडा 1’. ‘जमा: सुके बांगडे, टोपली’. ‘जमा: शाकारणी, दोन दिवस’. गिरणीतला फिटर आमच्या छपरावर चढून कौलं परतून गेला होता, आणि त्याच्या दोन दिवसांची किंमत आबांनी त्याच्या बायकोच्या खात्यातून वजा केली होती. म्हणजे घरं फेडत होती. ज्याच्या हातात जे होतं ते देत होती. पण बेळगावच्या घाऊक व्यापाऱ्याला कोंबडा देऊन हिशोब चुकता होत नाही. त्याने आधी उधारीची मुदत कमी केली, मग माल रोख मागितला, मग मालच पाठवेना. त्याच्याही डोक्यावर कुणी असेलच.

1986 च्या गणपतीआधी आबांनी दुकानाच्या फळ्या लावल्या त्या पुन्हा काढल्या नाहीत. शेवटच्या पानावर बाकीची बेरीज आहे, अकरा हजार आठशे आणि काही रुपये. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली काहीच नाही. पुढे ते एका काजूच्या कारखान्यात हजेरीपटावर कारकून म्हणून लागले. आई त्याच कारखान्यात बिया फोडायला बसायची. चिकाने तिची बोटं काळी पडली ती शेवटपर्यंत तशीच. मुलगा बघायला आला तेव्हा चहाचा पेला देताना ती हात पदराखाली घेत होती.

त्या तीन-चार वर्षांत आळीतली आणखी दुकानं बसली. घाणा, कापडवाला, एक शिंपी, वखारीतला मुकादम. तुमच्या नकाशात त्यांच्यापुढे ‘बंद’ एवढंच आहे. स्मरणिकेसाठी आलेले मजकूरही तुम्ही मला वाचायला पाठवलेत. त्यांत मॉल आले, मोबाइल आला, लोकांना जुन्याची किंमत राहिली नाही, असं बरंच काही आहे. अहो, 1986 ला आपल्या आळीत कुठला मॉल? तुमचे वडील संपात गेले, आमचं दुकान त्यांच्याबरोबर गेलं, आणि त्यानंतर तुम्ही दहावी होऊन मिळेल त्या नोकरीला ठाण्या-कल्याणला गेलात ते परत आला नाहीत. यात लाजण्यासारखं कुणाचंच काही नाही. मग एवढी साधी गोष्ट लिहायला हात का अडखळतो? मला वाटतं, उधारी हा शब्द आडवा येतो. आपल्या बापाची बाकी राहिली होती हे फ्लेक्सवर कोण लावणार?

एक गंमतही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती रडते. गॅसबत्तीवाल्या काकांचं दुकान तुम्ही ‘नामशेष’ म्हणून दाखवलंय. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की त्यांच्या ओट्यावर बत्त्यांची रांग लागायची. टाकीत रॉकेल, वाटीत स्पिरिट, काडी लावून नळी तापवायची, मग पंप. जाळी पहिल्यांदा पेटली की तिची राख होते आणि त्या राखेचाच उजेड पडतो, हे त्यांनी मला दाखवलं होतं. “हात लावशीत तर विझात,” म्हणाले. मी लावला. जाळी भुरभुरून पडली, आणि दुसऱ्या दिवशी तिचे पैसे आमच्या दुकानातल्या त्यांच्या खात्यात जमा झाले. पुढे गावोगावी वीज गेली आणि बत्त्या अडगळीत पडल्या. पण काकांच्या मुलाने लाऊडस्पीकर घेतला, मग जनरेटर, मग मंडप. तुमच्या मेळाव्याच्या हॉलबाहेर जो मंडप पडणार आहे तो त्यांच्याच नातवाचा आहे. आगाऊ रक्कम तुम्ही त्यालाच दिलीत. धंदा मेला म्हणून ज्याच्या घराला श्रद्धांजली वाहताय, तोच घाम पुसत खुर्च्या लावणार आहे. तो चौकोन तेवढा बदला.

तेव्हा माझं मागणं असं. नकाशा छापा, पण प्रत्येक चौकोनाखाली दोन ओळी जागा सोडा, दुकान का बंद झालं ते लिहायला. बोट बंद झाली, स्टील आलं, संप झाला, मुलगा शिकून गेला, भावाभावांत वाटणी झाली, जे असेल ते. ज्यांना माहीत असेल त्यांनी मेळाव्यातच पेनाने लिहावं, खाडाखोड झाली तरी चालेल. आमच्या पडवीत मीठवालीसाठी एक लहानसा गोल काढा. गडगा आणि पेले मी वर सांगितलेच आहेत. आणि तो वरचा पडद्याचा मथळा काढून टाका. नुसतं ‘आमची आळी, 1960 ते 1990’ लिहिलंत तरी पुरे.

वही मी देणार नाही, कितीही मागितलीत तरी. माणसांची नावं नसली तरी घरं ओळखू येतात, आणि पिंपळाकडची नात तुमच्यातच आहे. तिने एकटीने येऊन मागितलं तर तिचं पान मी तिला दाखवीन. बाकीच्यांना फोटोच्या जागी एक पान देते, ते माझ्या अक्षरातलं आहे, आमच्याच घराच्या खात्याचं. आबा घरखर्चही उधारीवर लिहीत आणि महिनाअखेर स्वतःच स्वतःला ‘जमा’ करत. ते खुशाल छापा. उलट्या ‘ण’सकट.

आणखी एक. आमंत्रणात दोन वेळच्या जेवणाचा उल्लेख आहे, आणि किराणा ठाण्याहून टेम्पोतून येणार असं कुणीतरी सांगितलं. स्वस्त पडतो म्हणे. आळीत आज तीन किराणा दुकानं चालू आहेत. त्यांतलं एक चालवणारी मुलगी तिशीतली आहे आणि पहाटे साडेसहाला शटर उघडते. तांदूळ, खोबरेल, कोकमं, गूळ, सगळं तिच्याकडे मिळतं. चार रुपये जास्त पडले तर पडू देत. यादी आठवडाभर आधी द्या, म्हणजे तिला माल मागवता येईल. आणि पैसे रोख द्या.

आपली,
किराणावाल्या आबांची थोरली

ता. क. खोबरेल तेलाचा घाणा बंदराकडे तोंड केलं की उजव्या हाताला होता. तुम्ही डावीकडे दाखवलाय. डावीकडे त्याचा बैल बांधलेला असायचा.